चेनसॉ वाकडा कापत होता, त्यावरचा उपाय

सोलापूरकडची वाळकी बाभूळ चेनच्या दातांची परीक्षा पाहते. बुंध्याला चिकटलेल्या मातीने एका बाजूचे दात बोथट झाले, की मशीन धार शाबूत असलेल्या बाजूला ओढते. तेव्हा जोर लावला तर बारच (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) झिजतो.

सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच लांबीला आणले. ०.३२५ इंची (कड्यांच्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिमी गोल कानस, ३० अंशांचा कोन, घासणं आतून बाहेरच. डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा, काप किती खोल जाईल ते ठरवणारा) दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवला. जास्त खाली नेला तर चेन झटके देते. मग बारच्या कडांवरची फुगीर कोर चपट्या कानशीने काढली, चेन बसते ती खाच आणि ऑइलचं भोक साफ केलं, बार उलटा बसवला.

एवढं करूनही काप वळत असेल तर खाच रुंद झालेली असते. तिथे कानस काय करणार? नवा बारच घ्यावा.