पाकाची वेळ, फोनची वेळ: घरून फराळाचा व्यवसाय करताना वेळेची आखणी

घरून फराळ करून विकणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबूनही दोन-तीन ऑर्डरी मागे राहतातच. मी गेली अकरा वर्षे पुण्यातल्या आमच्या लहानशा घरातून चकल्या, लाडू, अनारसे आणि भाजण्या विकते आहे, आणि पहिली तीन वर्षे माझीही हीच अवस्था होती. नऊ ते दहा अमुक काम, दहा ते अकरा तमुक काम, असे वेळापत्रक मी दर आठवड्याला कागदावर मांडत असे, पण ते एक दिवसही पाळले गेले नाही. कोणते काम मध्येच सोडता येते आणि कोणते येत नाही, याचा विचार त्यात केलेलाच नव्हता.

रव्याच्या लाडवांचा पाक एकतारी झाला की त्याच क्षणी गॅस बंद करावा लागतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक तार दिसू लागल्यावर हाताशी फार वेळ नसतो, थोडा उशीर झाला तरी पाक पुढे जातो. एका दिवाळीत नेमक्या त्या वेळी एका ग्राहकाचा फोन आला, पत्ता लिहून घेण्यासाठी मी ओट्यापासून बाजूला झाले आणि परत येईपर्यंत पाक चढला होता. तीन किलो रव्याचे ते लाडू इतके कडक झाले की ते कोणाला देणे मला पटेना, म्हणून रात्री जागून सगळे पुन्हा केले. फोन दोन मिनिटांचा होता, पण त्यापायी पाच तास आणि साजूक तुपाचा पूर्ण डबा गेला.

त्यानंतर मी सगळी कामे एका वहीत लिहून काढली आणि त्यांची तीन भागांत विभागणी केली. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीने पहिल्या आठवड्यात हेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. पहिला भाग हात अडकवणाऱ्या कामांचा: पाक, तळण, भाजणे. बेसनाच्या लाडवांसाठी किलोभर बेसन मंद आचेवर खमंग भाजायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ उलथने हातातून सुटून चालत नाही. दुसरा भाग सोडता येणाऱ्या कामांचा: डाळी निवडणे, वेलदोडे सोलणे, डबे पुसणे, लेबले चिकटवणे. तिसरा भाग आपोआप होणाऱ्या कामांचा: भिजणे, वाळणे, मुरणे, निवणे.

या तिसऱ्या भागाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचे असतात आणि पाणी रोज बदलायचे असते. मग ते कापडावर सावलीत पसरून, किंचित ओलसर असतानाच दळायचे, पीठ चाळून गूळ मिसळायचा आणि त्याचे गोळे निदान चार-पाच दिवस मुरू द्यायचे. या सगळ्यात आपले हात रोज दहा-पंधरा मिनिटेच गुंततात, पण सुरुवात चुकली तर शेवटी दिवसभर राबूनही ते दिवस भरून काढता येत नाहीत. म्हणून आठवड्याची आखणी करताना आपोआप होणारी कामे आधी लिहावीत आणि बाकीची त्यांच्या अवतीभवती बसवावीत.

सोडता येणारे काम कोणते हे ओळखण्यात किती ताकद आहे, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण लिज्जत पापडाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन तो उद्योग सुरू केला, आणि पुढे त्याची जी घडी बसली तिच्यात पीठ मळण्याचे काम केंद्रावर होते, भगिनी सकाळी मळलेले पीठ घरी नेतात आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. ज्या कामात प्रमाण चुकून चालत नाही ते एका जागी, आणि जे स्वयंपाक, मुले, पाहुणे सांभाळून करता येते ते घरी, अशी ही वाटणी आहे. आपले केंद्र आणि आपले घर एकच असले, तरी ही वाटणी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांमध्ये करता येते.

माझ्या घरात मुले साडेसातला शाळेत जातात आणि साडेबाराला परततात. हात अडकवणारी सगळी कामे मी याच वेळात करते. त्या वेळी मोबाइल आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवलेला असतो, आणि दुपारनंतर मी कढई चढवत नाही. दुपारी निवडणे, सोलणे, भरणे चालते, कारण मधूनच दार वाजले तरी त्या कामाचे काही बिघडत नाही. पुण्यात पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारी काढली जातात, त्यामुळे भांड्यांचा ढीग पडेल असे तळण मी गुरुवारी ठेवत नाही. गिरणीचेही तसेच आहे. चकलीची भाजणी गव्हावर दळली गेली तर चव आणि पोत दोन्ही बदलतात, म्हणून मी गिरणीवाल्या काकांना आदल्या दिवशी विचारून ठेवते आणि ते ज्या वेळी तांदूळ किंवा हरभराडाळ दळणार असतील त्याच वेळी डबा घेऊन जाते. ही एक चौकशी केली नाही, तर एकाच दळणासाठी दोन फेऱ्या होतात.

आता मोजमापाविषयी, कारण इथेच बहुतेक जणी फसतात. कोणत्याही पदार्थाला किती वेळ लागतो हे अंदाजाने न ठरवता घड्याळ लावून तीन वेळा मोजावे. माझ्या हाताने एक किलो भाजणीच्या चकल्यांना उकड काढण्यापासून पिशवी बंद करेपर्यंत सव्वादोन तास लागतात. दोन किलोंना साडेतीन तास लागतात, दुप्पट नाही, कारण तेल तापवणे, सोऱ्या धुणे, ओटा आवरणे हे सगळे एकदाच होते. हा आकडा कळल्यापासून मी एक किलोचा घाणा घालणेच बंद केले आणि चकलीसाठी आठवड्यातले दोनच दिवस ठेवले. किंमत ठरवतानाही हे तास धरावेत. साहित्य आणि गॅस यांचाच हिशेब करणारी बाई स्वतःचे श्रम फुकट देत असते, आणि फुकट गेलेला वेळ वाचवावा असे कोणालाच वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही.

दिवाळीची आखणी उलट्या दिशेने करावी. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत साधारण सतरा दिवस मिळतात. त्यातून दोन रविवार वगळले तर पंधरा दिवस उरतात, आणि हात अडकवणाऱ्या कामासाठी रोज चार तास धरले तर साठ तास होतात. त्यातले बारा तास आजारपण, वीज जाणे, बिघडलेला घाणा यांसाठी राखून ठेवावेत. उरलेल्या अठ्ठेचाळीस तासांत बसतील तेवढ्याच ऑर्डरी घ्याव्यात आणि प्रत्येक ऑर्डर लिहिताना तिचे तास समोर मांडून वजा करीत जावे. शिल्लक शून्यावर आली की नोंदणी बंद. नेहमीच्या ग्राहकाला नाही म्हणणे जड जाते हे मला ठाऊक आहे, पण दिलेली तारीख चुकली तर तो ग्राहक पुढच्या वर्षी येत नाही, आणि वेळेवर नाही म्हटलेला ग्राहक पुढच्या वर्षी गणपतीतच फोन करतो. परदेशातल्या मुलांसाठी जाणाऱ्या खोक्यांना वाटेत वेळ लागतो, म्हणून ती कामे दसऱ्याच्या आधी उरकावीत आणि त्यांत शंकरपाळ्यांसारखे टिकाऊ पदार्थच घ्यावेत. पिशव्यांची लेबलेही तेव्हाच अन्नसुरक्षा नोंदणीच्या (एफएसएसएआय) क्रमांकासह छापून ठेवावीत, म्हणजे ऐन गर्दीत फक्त तारखेचा शिक्का मारणे उरते.

फोनसाठी मी दुपारी दोन ते तीन आणि संध्याकाळी सहा ते सात अशा वेळा ठेवल्या आहेत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक वेळी आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे, तिथे या वेळा लिहिल्या आहेत, आणि दरपत्रक तिथल्या कॅटलॉगमध्ये टाकल्यामुळे ‘चकली कशी किलो?’ हा प्रश्न जवळजवळ थांबला. ऑर्डर तोंडी घेऊ नये. नाव, पत्ता, वजन, तारीख लिहून पाठवायला सांगावे आणि निम्मी रक्कम आल्यावरच ती वहीत चढवावी.

सर्वांत अवघड भाग घरातल्या आणि शेजारच्या माणसांचा आहे. “अगं, तू घरीच असतेस ना, जरा आमचा सिलिंडर घेऊन ठेव,” हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. मी शेजारच्या काकूंना एकदा घरी बोलावून, चहा देऊन, साडेसात ते साडेबारा या वेळेत मी दार का उघडत नाही ते नीट समजावून सांगितले. त्यांनी ते मनापासून मानले, आणि आता माझ्याकडे येणाऱ्या कुरिअरवाल्यालाही त्याच थांबवून घेतात. घरच्यांची मदतही मोघम असू नये. ‘जमेल तेव्हा हात लावा’ असे म्हटले तर ते कोणालाच जमत नाही. आमच्याकडे रात्री नऊला खोक्यांवर पत्ते चिकटवणे हे यांचे काम आहे, आणि सासूबाई वेलदोडे, जायफळ, खसखस यांची पूड आठवड्यातून एकदा करून ठेवतात.

दिवसाच्या शेवटी पंधरा मिनिटे हिशेबाला आणि पाच मिनिटे उद्याच्या तयारीला द्यावीत. उद्याची डाळ आजच निवडलेली, तूप मोजून ठेवलेले, कढई ओट्यावर काढलेली असेल, तर सकाळी साडेसातला दार लोटल्यावर दहाव्या मिनिटाला बेसन भाजायला घेता येते. दिवाळीच्या वहीत पहिल्या पानावरची पहिली ऑर्डर मात्र आपल्या घरची लिहावी, तिचेही तास इतरांसारखेच वजा करावेत. आमच्याकडे ती एक किलो चकली, एक किलो बेसनाचे लाडू आणि पाव किलो अनारसे अशी असते, आणि तिची तारीख वसुबारसेची असते.