लेकीची वाटी वेगळी काढा

माण तालुक्यातल्या आमच्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी एक वाक्य ठरलेलं: "पोरगी हाय, हलकी असायचीच." अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं.

वर्षाच्या मुलाचं वजन साधारण ९.६ किलो धरतात, मुलीचं ८.९. त्यासाठीच तर वजन मांडायचे वाढीचे तक्ते दोन आहेत, मुलाचा निळा, मुलीचा गुलाबी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरून केलेले. वर्षाची मुलगी साडेसात किलोची असेल तर ती हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात येते, तेवढ्याच वजनाचा मुलगा पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात जातो. म्हणजे 'पोरगी आहे' ही सूट तक्त्यानं आधीच दिलीय, तुम्ही वर आणखी देऊ नका. लेक गुलाबी तक्त्यावरही पिवळ्यात असेल तर ती कमी वजनाचीच. आणि हिरव्यात असूनही दोन-तीन महिने रेघ आडवीच चालली असेल, तर पुढच्या वजनाची वाट न बघता दाखवा.

दंडघेराच्या पट्टीला मात्र मुलगा-मुलगी नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दोघांनाही साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण.

आता खाणं. एका ताटात भावंडं बसवली की जो भराभर खातो त्याचंच पोट भरतं, आणि अंड्यातला पिवळा बलक आजीच्या हातून नातवाकडे वळतो. मी हे रोज बघते. म्हणून लेकीची वाटी वेगळी, भरायची आईनं. सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात-वरण, वर चमचाभर तूप. नाचणीची खीर, त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा, अर्धी अर्धी वाटी. किती उरलं ते वाटीत दिसतं, ताटात कळत नाही.

अंगावरचं दूध दोन वर्षं तरी चालू ठेवा. 'आता मुलगा व्हावा' म्हणून लेकीला लवकर तोडणारी घरं अजून आहेत. २०११ साली साताऱ्यात 'नकोशी' नावाच्या पावणेतीनशेहून जास्त मुलींची नावं बदलली. तो जिल्हा हाच.

ताप-जुलाबात मुलाला पहिल्याच दिवशी गाडीवर घालून नेता ना, मुलीलाही तेव्हाच न्या.

आणि वजनाच्या दिवशी सासूबाईंना बरोबर आणा. सुनेचं ऐकत नाहीत, माझंही नाही, पण काट्यावरचा आकडा बघितला की तूप त्यांच्याच हातून वाढलं जातं.