लॅपटॉपची थर्मल पेस्ट आणि पॅड बदलताना

आधी लॅपटॉप दहा मिनिटं चालवून थोडा गरम करा, म्हणजे जुनी पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे वर बसवलेल्या धातूच्या भागाकडे, नेणारी) मऊ पडते, मग पूर्ण बंद करून मागचं कव्हर काढा आणि सगळ्यात पहिले बॅटरीचा कनेक्टर काढा, हे विसरू नका प्लीज. हीटसिंकच्या स्क्रूजवळ बहुतेक वेळा १, २, ३, ४ असे आकडे असतात, सोडवताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सोडवायचे. हीटसिंक अडकला तर उचकटू नका, हलकेच डावीउजवीकडे हलवा, सुटतो.

जुनी पेस्ट ९०% च्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिप आरशासारखी चमकली पाहिजे.

आता खरी गोम पॅडच्या, म्हणजे उष्णता नेणाऱ्या मऊ पट्टीच्या, जाडीत आहे. पेस्ट सीपीयू-जीपीयू या मुख्य चिपांवर, पॅड मेमरी आणि व्हीआरएमवर (चिपांना वीज पुरवणारा भाग), आणि ०.५ मिमीच्या जागी १ मिमीचा पॅड लावला की हीटसिंक वर उचलला जातो, चिपला नीट टेकतच नाही, मग पेस्ट कितीही भारी असो टेंपरेचर उलट वाढतं! जुना पॅड मधे दाबलेला असतो म्हणून न दाबलेल्या कडेला कॅलिपर लावून मोजा. नवीन पॅडची दोन्ही बाजूंची फिल्म काढा, पारदर्शक असते त्यामुळे हमखास राहून जाते.

लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं, म्हणून पेस्ट पूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरवलेली मला बरी वाटते, कोपरे कोरडे राहत नाहीत. स्क्रू आता १ पासून क्रमाने, आधी सगळे अर्धवट मग घट्ट. बॅटरी जोडा, लोड देऊन (एखादा जड प्रोग्रॅम चालवून) टेंपरेचर बघा, सीपीयूमधला एखादाच कोअर (काम करणारा एक भाग) बाकीच्यांपेक्षा खूप तापत असेल तर हीटसिंक तिरका बसलाय, परत उघडा.