राज्यातली किती मुलं पदवीपर्यंत पोचली? आकडे मांडताना या चुका टाळा

२०२१-२२च्या एआयएसएचई, म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं सकल पटनोंदणी गुणोत्तर, म्हणजे जीईआर, ३५.३ आलं. भाषणांत, बातम्यांत आणि संस्थांच्या प्रस्तावांत हा आकडा सर्रास असा वाचला जातो: ‘राज्यातल्या १८ ते २३ वयाच्या शंभरांपैकी पस्तीस मुलं कॉलेजात आहेत.’ इथेच पहिली गफलत होते.

जीईआर काढताना वर उच्च शिक्षणातले सगळे विद्यार्थी येतात, वय काहीही असो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली सोळा वर्षांची मुलगी त्यात आहे, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणारा चाळिशीचा गृहस्थही आहे. भागायचं मात्र फक्त १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येने, छेद तो. त्यामुळे हा आकडा उच्च शिक्षणाचा पसारा दाखवतो. त्या वयाची नेमकी किती मुलं शिकताहेत, याचं उत्तर त्यात नाही.

शिवाय विद्यार्थी मोजला जातो तो कॉलेज जिथे आहे त्या राज्यात. त्याच वर्षी चंदीगडचा जीईआर ६४.८ होता. पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून तिथे शिकायला येणारी मुलं पटावर धरली जातात, पण लोकसंख्या फक्त चंदीगडची घेतली जाते. पुण्यासारख्या शहरामुळे महाराष्ट्राच्या आकड्यातही बाहेरची मुलं आहेतच, आणि बंगळूरला गेलेली आपली मुलं कर्नाटकात मोजली जातात. दोन राज्यांची तुलना करायची असेल तर आधी अधिवासाप्रमाणे विभागणी मिळते का ते बघा. मिळत नसेल तर तुलनेखाली तसं स्पष्ट लिहा.

छेद बदलला, प्रगती ‘दिसली’

ही चूक भल्याभल्या अहवालांत सापडते, म्हणून जरा सविस्तर. २०१९-२०चा देशाचा जीईआर तेव्हाच्या अहवालात २७.१ होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात २०२०-२१चा आकडा आला २७.३. दोन्ही शेजारी ठेवले तर वर्षभरात जेमतेम ०.२ची वाढ. प्रत्यक्षात मधल्या काळात लोकसंख्येचे अंदाज बदलले. २०११च्या जनगणनेवर आधारलेले अंदाज वापरल्यावर २०१९-२०चाच जीईआर २५.६ निघाला, म्हणजे खरी वाढ १.७ची.

नव्या शैक्षणिक धोरणातलं २०३५पर्यंत ५० टक्क्यांचं उद्दिष्ट सांगताना सुरुवात २०१८च्या २६.३ पासून होते. तो आकडा जुन्या मालिकेतला आहे आणि २०२१-२२चा २८.४ नव्या मालिकेतला. एक उणे दुसरा करून ‘इतकीच प्रगती झाली’ म्हणणं हिशेबात बसत नाही. तुमच्या तक्त्यात एखाद्या वर्षी रेघ अचानक उडी मारत असेल किंवा सपाट पडत असेल, तर धोरणाचं यशापयश शोधण्याआधी छेद तपासा. एकाच अहवालात दिलेली मागच्या वर्षांची सुधारित मालिका घ्या. वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांतून एकेक आकडा उचलून तक्ता जोडू नका.

बारावीचा निकाल म्हणजे तयारी नव्हे

राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २०२०मध्ये ९०.६६ टक्के होता, २०२१मध्ये ९९.६३ आणि २०२२मध्ये ९४.२२. २०२१ला मुलं एकाएकी हुशार झाली नव्हती. कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि दहावी, अकरावी, बारावीच्या मूल्यमापनावरून गुण दिले गेले. पाच वर्षांच्या सरासरीत ते वर्ष मिसळलं की सगळी सरासरी नासते. ते वेगळं दाखवा.

सीईटीच्या पर्सेंटाइलचंही असंच. पर्सेंटाइल ही त्या वर्षीच्या इतर परीक्षार्थींच्या तुलनेतली जागा असते. सगळी मुलं दुप्पट तयारीने आली तरी राज्याची सरासरी पन्नासच्या आसपासच राहणार. प्रवेशासाठी तो योग्य निकष आहे, पण वर्षागणिक प्रगती मोजायला निरुपयोगी.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या २०२३च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही सलग वाचता आला नाही. हे वाचून काळजात धस्स होतं आणि व्हायलाच हवं. पण ती पाहणी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत झाली होती, म्हणजे बहुतेक राज्यांतून एकच जिल्हा. त्यावरून ‘महाराष्ट्राची स्थिती’ असा मथळा देऊ नये.

मग तयारी मोजायची कशी? कॉलेजकडे हाताशी असलेली नोंद वापरा: पहिल्या सत्रात सर्व विषयांत उत्तीर्ण झालेली मुलं किती, एटीकेटी (विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) कोणत्या विषयांत लागली, वर्षअखेर ठरलेल्यापैकी किती क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमा झाले. तुलना एकाच विद्यापीठाच्या आत ठेवा, कारण प्रत्येकाच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या.

निकाल ८८ टक्के, पण कुणाचा?

सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी जागाही हीच. समजा, एका कॉलेजात एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, १२० मुलांनी प्रवेश घेतला. त्या तुकडीतली ५० मुलं टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, परीक्षेला बसली आणि ४४ उत्तीर्ण झाली. फलकावर लागतं: निकाल ८८ टक्के. आकडा खोटा नाही. पण मूळ १२०पैकी ४४ म्हणजे ३६.७ टक्के. मधली सत्तर मुलं कुठे गेली, हे त्या फलकावरून कळत नाही, आणि राज्यभर बेरीज केली की अशीच मुलं लाखांच्या आकड्यात विरून जातात.

या वर्षीचे पदवीधर भागिले या वर्षीचा प्रवेश, हा शॉर्टकटही टाळा. दोन्ही संख्या वेगवेगळ्या तुकड्यांच्या आहेत. प्रवेश वाढत असतील तर प्रमाण उगाच कमी दिसतं, घटत असतील तर फुगतं. त्यात जुने रिपीटर आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेले डिप्लोमाधारक मिसळतात ते वेगळंच.

उपाय एकच, आणि तो मेहनतीचा आहे: तुकडी धरून चला. प्रवेश रद्द करण्याची मुदत संपल्यावर पटावर राहिलेली नावं म्हणजे तुमचा छेद. तो पुन्हा बदलायचा नाही. तीन वर्षांच्या पदवीसाठी तिसऱ्या वर्षाअखेर एकदा आणि पाचव्या वर्षाअखेर पुन्हा एकदा मोजा, म्हणजे एटीकेटीमुळे मागे पडून नंतर पदवी घेणारी मुलंही धरली जातील. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यांचा रकाना वेगळा ठेवा. त्यांना पदवीधरांत घालू नका आणि लगेच ‘गळती’तही टाकू नका.

आता नावं जुळवण्याचा प्रश्न. एखाद्या मुलीचं विद्यापीठ बदललं की तिचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, बदलतो. मग आधीच्या कॉलेजात ती मुलगी गळालेली आणि नव्या ठिकाणी नवा प्रवेश, अशी एकाच मुलीची दोन रूपं तयार होतात. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर नावावरूनही पत्ता लागत नाही आणि मुलींची गळती आहे त्याहून जास्त दिसते. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर एकच राहणारा ओळख क्रमांक, दोन्हीकडे असेल तर काम सोपं. नसेल तर जन्मतारीख आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं आईचं नाव, या दोन गोष्टी जोडून बघा. आईचं नाव लग्नाने बदलत नाही. उलट बाजूही तपासा: विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, त्यामुळे दोन प्रवेश म्हणजे दोन माणसं असतीलच असं नाही.

प्रवर्ग, तालुका, मुली-मुलगे अशी फोड जरूर करा. फक्त एखाद्या गटात पाच-सहाच विद्यार्थी असतील तर टक्केवारी छापू नका. एक मूल इकडचं तिकडे झालं की आकडा कोसळतो, आणि गावात ते मूल कोण हे सगळ्यांना कळतं.

इतकं करूनही काही नावांचा थांग लागत नाही. बहुतेक तक्त्यांत ती गुपचूप गळतीत जातात किंवा छेदातूनच वगळली जातात. त्याऐवजी ‘माहिती नाही’ असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि उत्तर दोन टोकांच्या दरम्यान सांगा. वरच्या उदाहरणात २० मुलांचा पत्ता नसेल, तर त्या सगळ्यांचं शिक्षण सुटलं असं धरून प्रमाण ३६.७ टक्के येतं, आणि सगळ्यांनी दुसरीकडे पदवी घेतली असं धरून ५३.३. अहवालात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. मधलं अंतर जिथे मोठं आहे, त्या कॉलेजांना पुढच्या वर्षी आधी फोन करा.