घनातला सा आणि प: वाजणारं भौमितिक शिल्प कसं घडवायचं

दोन्ही टोकं मोकळी ठेवून धातूची नळी ठोकून वाजवली, तर तिची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट केली की कंपनं निम्मी नाही, चौथाई होतात. आता घन घ्या. कड १, पृष्ठाचा कर्ण √२, आरपार जाणारा कर्ण √३. यांचे वर्ग १, २, ३. म्हणजे आरपार कर्णाएवढी नळी सा देते, पृष्ठकर्णाएवढी प, आणि कडेएवढी वरच्या सप्तकातला प. हा सुसंवाद घनात मुळातच आहे, म्हणून मी त्यात चौथी लांबी घालत नाही.

ॲल्युमिनियमची २५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची नळी घ्या. सगळे तुकडे एकाच नळीचे हवेत. जाडी बदलली की हिशेब गेला. ६९३ मिमीचा एक, ५६६ मिमीचे सहा आणि ४०० मिमीचे चार तुकडे. ६ मीटरची नळी पुरते. सा साधारण ३०० हर्ट्झला येतो. सांगाड्यासाठी २० मिमीचा लोखंडी चौकोनी पाइप, आतून ४५० मिमी, कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात. वेल्डिंग फक्त सांगाड्याला. नळ्या वेल्ड केल्या की आवाज मेला.

खरं काम नळी कुठे धरायची हे आहे. कंप पावताना नळीवर दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. ६९३ साठी १५५ मिमी, ५६६ साठी १२७, ४०० साठी ९०. खूण करून तिथे नळी दोन बोटांच्या चिमटीत हलकी धरा आणि मध्यावर ठोका द्या. आवाज लांबत गेला की जागा बरोबर. चिमूट दोन-तीन सेंटिमीटर सरकवून पुन्हा ठोका. नाद लगेच दबतो. हे कानाने ऐकल्याशिवाय भोक पाडू नका.

भोक ३ मिमीचं, आरपार. कडा कानशीने साफ करा, नाहीतर दोरी तुटते. प्रत्येक पृष्ठावर एकच कर्ण असा निवडा की सहा मिळून आत चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार, उभा राहील. हा आकार दिसायलाही मला फार आवडतो. या नळ्या विणलेल्या नायलॉन दोरीने जवळच्या कडांना ताणून बांधा. आरपार कर्ण एकच, कारण दुसरा घातला तर मध्यात आपटतो. चार लहान नळ्या उभ्या कडांवर बाहेरून लांब स्क्रूने, मध्ये रबरी वॉशर घालून. स्क्रू आवळू नका, नळी किंचित हलली पाहिजे.

वाजणारी धातूची शिल्पं घडवणारे शिल्पकार हॅरी बर्तोया यांच्या कामांतल्या सळ्या एका टोकाला घट्ट रोवलेल्या असतात. लांबीच्या वर्गाचा नियम तिथेही चालतो, पण वरचे नाद वेगळे येतात.

सूर शेवटी लावायचा. जाड नळी आखूड असली की हिशेबापेक्षा थोडी उतरते, म्हणून ४०० मिमीच्या तुकड्यांची टोकं थोडी थोडी कानसत जा, सूर चढतो. पृष्ठकर्णाची नळी आणि ही एकत्र वाजवा. दोन्हींमधली थरथर थांबली की कानस ठेवा. ठोक्यासाठी सुती दोरा गुंडाळलेली काठी वापरा. नुसतं लाकूड धातूचा वरचा कर्कश नाद पुढे आणतं आणि पंचम झाकला जातो.