मॉनिटर आपोआप बंद होत नव्हता, शेवटी दोष माऊसमध्ये सापडला

विंडोज १० चा डेस्कटॉप, स्क्रीन १० मिनिटांनी बंद व्हायचं सेटिंग, पण रात्रभर चालूच. वैताग आला होता नुसता.

पॉवर प्लॅन रीसेट केला, स्क्रीनसेव्हर काढला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसची 'कॉम्प्युटर जागा करायची' परवानगी काढली, काही नाही (ती परवानगी स्लीपसाठी असते, स्क्रीनशी तिचा संबंध नाही).

उपयोग झाला तो असा. आधी स्क्रीनची वेळ १ मिनिट केली, म्हणजे टेस्टला ताटकळायला नको. मग कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची विंडो) ॲडमिन म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'रिक्वेस्ट्स' टाकलं, स्क्रीन कोणता प्रोग्राम चालू ठेवतोय ते त्यात दिसतं. डिस्प्लेखाली एखादं नाव, समजा ब्राउझर, दिसलं तर तो बंद करा, व्हिडिओवाला टॅब बऱ्याचदा स्क्रीन अडवून धरतो. माझ्याकडे 'नन' आलं, म्हणजे प्रोग्राम कुणी अडवत नव्हता. मग माऊसची वायर काढून हात न लावता बसलो आणि मिनिटभरात स्क्रीन बंद! टेबल काचेचं, त्यावर ऑप्टिकल सेन्सर नीट चालत नाही, पॉइंटर बारीक थरथरतो आणि प्रत्येक वेळी टायमर शून्यावर येतो. सेन्सर कोरड्या कापडाने पुसला, खाली कापडी माऊसपॅड टाकला, वेळ परत १० मिनिटं केली.