खुब्याचे फ्रॅक्चर आणि ज्येष्ठांचे पडणे : या चुका टाळा

वयस्क माणूस पडल्यावर घरच्यांचा पहिला प्रयत्न असतो तो त्याला हाताला धरून उभे करण्याचा, आणि दुसरा ‘मुका मार असेल’ अशी समजूत काढण्याचा. दोन्ही टाळावेत. दुखावलेला पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला कलले असेल आणि जांघेत दुखत असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असेच धरून चालावे. मालिश करू नये, पाय ओढून सरळ करू नये, आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णवाहिका बोलवावी. मात्र ही लक्षणे नाहीत म्हणून निर्धास्त राहणेही चूकच, कारण हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर रुग्ण लंगडत का होईना चालू शकतो, आणि काहींना वेदना केवळ गुडघ्यात जाणवते. अशा वेळी पहिला एक्स-रेसुद्धा निर्दोष दिसू शकतो. पायावर भार देताना दुखणे कायम असेल, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.

सर्वांत महाग पडणारी चूक पुढची आहे. ‘या वयात शस्त्रक्रिया सोसवेल का?’ या काळजीपोटी कुटुंबीय निर्णय लांबणीवर टाकतात, आणि अंथरुणावरची विश्रांती हाच सुरक्षित मार्ग आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात वृद्धांच्या बाबतीत अंथरूणच अधिक धोक्याचे असते: न्यूमोनिया, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, पाठीवर व टाचांवर जखमा, झपाट्याने झिजणारे स्नायू. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, आणि वैद्यकीय अडचण नसेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे. रक्तक्षय, अनियमित ठोके, साखर, रक्त पातळ करणारी औषधे यांवर त्या अवधीत उपाय करता येतात. प्रत्येक आकडा आदर्श होईपर्यंत थांबणे हिताचे नसते. शस्त्रक्रिया होईपर्यंत पायाला वजन लटकवून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीने वेदना कमी होत असल्याचे आढळलेले नाही. त्यापेक्षा जांघेत इंजेक्शन देऊन मज्जातंतू बधिर करणे अधिक उपयोगी ठरते, आणि त्याविषयी विचारण्यात संकोच नसावा.

रुग्णालयात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण असंबद्ध बोलू लागला, नळ्या ओढू लागला किंवा अगदी गप्प पडून राहू लागला, की ‘वयामुळे भ्रम झाला’ म्हणून ते सोडून दिले जाते. या भ्रमावस्थेमागे बहुधा शोधता येण्याजोगी कारणे असतात: अपुरे वेदनाशमन, संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, एखादे नवे औषध. गुंगीची औषधे मागण्याआधी ही कारणे तपासून घ्यावीत. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी घरी सुरक्षित ठेवून देण्याचा शहाणपणा येथे उलटतो, कारण दिसत-ऐकू येत नसलेला माणूस अनोळखी जागी अधिकच गोंधळतो.

घरी परतल्यावर हाड जोडले म्हणजे उपचार संपले असे मानले जाते, आणि हे मला सर्वाधिक खटकते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, यातच हाडे ठिसूळ झाल्याचा पुरावा असतो. तरीही अनेक रुग्ण केवळ वेदनाशामक आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवर घरी येतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचे वर्षाकाठी एक इंजेक्शन सुरू केलेल्या रुग्णांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली. मूत्रपिंडाचे कार्य आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहून ते किंवा अन्य औषध सुरू करता येते. ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस एकदम घेऊन टाकणे हा मात्र पर्याय नव्हे. वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडणे आणि फ्रॅक्चर उलट वाढल्याचे २०१० साली दिसून आले.

पडण्याचे कारण विचारले की उत्तर येते, ‘पाय घसरला.’ त्यावर समाधान मानू नये. ६५ वर्षांवरील साधारण तीनपैकी एक व्यक्ती दरवर्षी पडते, आणि त्यामागे सहसा एकच कारण नसते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून पाहावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर औषधांच्या मात्रांचा फेरविचार आवश्यक आहे. झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरील औषधे आणि लघवीची औषधे या यादीत आधी तपासावीत, पण ती परस्पर बंद करू नयेत. स्नानगृहातील दांड्या, रात्रीचा उजेड, सैल चपला यांची व्यवस्था एका दिवसात होते; खरे कष्ट तोल आणि पायांची ताकद वाढवण्याचे आहेत, आणि केवळ फेरफटका त्याला पुरेसा नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, आधाराजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे असे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करून महिनोन्‌महिने चालू ठेवावे लागतात. काठीची मूठ उभे असताना मनगटाच्या घडीपर्यंत यावी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बरेच जण नेमके उलट करतात.

‘पुन्हा पडाल, बसून राहा’ हा प्रेमाचा सल्ला स्नायू आणखी दुबळे करतो. त्याऐवजी पडल्यावर, इजा झालेली नसेल तर, काय करायचे ते शिकवावे: कुशीवर वळणे, हात-गुडघ्यांवर येणे, भक्कम खुर्चीपर्यंत सरकत जाऊन उठणे. तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्यास त्वचा, स्नायू आणि मूत्रपिंडे यांना इजा होऊ शकते, म्हणून एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने फोन किंवा मदतीची घंटी टेबलावर न ठेवता अंगावरच बाळगावी.